कस्टम मोटारसायकली घडवण्यावर जन्म काढता येतो का?

प्रश्न एका वडिलांचा आहे. त्यांचा मुलगा यांत्रिकी पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आहे, जुन्या बुलेटवर त्याचा जीव आहे, आणि कंपनीत चालून आलेली प्रशिक्षणार्थीची जागा सोडून त्याला कस्टम, म्हणजे गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे बदललेल्या किंवा नव्याने बांधलेल्या, मोटारसायकली घडवायच्या आहेत. या कामावर पोट भरते का आणि पन्नाशीनंतर अशा माणसाचे काय होते, एवढेच त्यांनी विचारले आहे. मी पुण्यात सत्तावीस वर्षे हेच काम करतो आणि पन्नाशी मलाही लागली आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

पोट भरते. मात्र तुमचा मुलगा मोबाइलवर ज्या गाड्यांचे फोटो पाहतो, त्या गाड्यांवर ते भरत नाही. माझ्याकडे वर्षाकाठी पूर्णपणे नव्याने घडवलेली गाडी एखादी होते, फार तर दोन. उरलेले सगळे वर्ष जुन्या बुलेट, येझदी आणि आर एक्स १०० यांची इंजिने उघडण्यात, वाकलेल्या चेसिस सरळ करण्यात आणि आजोबांची गाडी नातवाला होती तशी करून देण्यात जाते. कामगारांचा पगार आणि जागेचे भाडे या कामातून निघते. घडवलेली गाडी दुकानाची पाटी असते, आणि पाटी रंगवायला पैसे खर्च होतात हे कोणत्याही दुकानदाराला ठाऊक असते.

ही रड आपल्याकडचीच आहे असे समजू नका. अमेरिकेतील कस्टम मोटारसायकली घडवणारे आर्लेन नेस यांचे उदाहरण मी प्रत्येक उमेदवाराला देतो. १९३९ साली जन्मलेला हा माणूस कॅलिफोर्नियात फर्निचर वाहून नेण्याची कामे करीत असे. बोलिंगच्या खेळात मिळालेल्या पैशांतून त्यांनी १९४७ सालची नकलहेड इंजिनाची एक जुनी हार्ले ३०० डॉलरला घेतली, आणि दुसरी गाडी घ्यायला पैसे नसल्यामुळे तीच गाडी पुन्हा पुन्हा खोलून नव्या रूपात बांधली. सुरुवातीला घरच्या गॅरेजमध्ये ते इतरांच्या गाड्या रंगवून देत. पुढे सॅन लिअँड्रोला दुकान काढले, तेव्हा त्यांना तारले ते हँडलांनी. मेंढ्याच्या शिंगांसारख्या वळणाची हँडले ते बनवीत आणि ती गिऱ्हाईक स्वतःच्या गाडीला स्वतः बसवीत असे. हँडलांमागून इतर सुटे भाग आले, सुट्या भागांची यादी आली आणि टपालाने जाणारा माल आला. प्रदर्शनांत बक्षिसे घेणाऱ्या गाड्या या मालाची जाहिरात करीत राहिल्या. मार्च २०१९ मध्ये नेस गेले तेव्हा मुलगा आणि नातू दोघेही याच व्यवसायात होते. तीन पिढ्या टिकलेल्या या घराच्या मुळाशी एका गाडीपेक्षा हजार गाड्यांना बसणारा भाग आहे, आणि तुमच्या मुलाने नेस यांच्या गाड्यांआधी हा हिशेब पाहावा असे मला वाटते.

माझी सुरुवात याहून साधी होती. आयटीआयला फिटरची दोन वर्षे केली आणि भोसरीच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये लागलो. तिथे पहिले सहा महिने मी कानस आणि काटकोन तपासायचा गुण्या याखेरीज कशालाही हात लावला नाही. लोखंडाचा एक ठोकळा सहाही बाजूंनी काटकोनात आणायचा, उस्तादांनी तो उजेडाकडे धरून गुण्या लावायचा, फटीतून उजेड दिसला की काही न बोलता परत द्यायचा. त्या वेळी मला हा छळ वाटत असे. पुढे चेसिसचे काम हाती आले तेव्हा कळले की मोटारसायकलीत जे काही बिघडते ते बहुतेक वेळा अशाच एखाद्या फटीतून बिघडते. मागचे चाक पुढच्या चाकाच्या रेषेत आहे का, इंजिनचे स्प्रॉकेट, म्हणजे चेनचे दातेरी चाक, मागच्या स्प्रॉकेटच्या समोर आहे का, कोनसेटची, म्हणजे हँडल ज्यावर फिरते त्या बेअरिंगची, बैठक चौरस आहे का, या तीन गोष्टी नीट नसतील तर टाकीवर कितीही सुंदर रंग मारला तरी गाडी रस्त्यावर एका बाजूला ओढते आणि चेन महिनाभरात ओरडू लागते.

हे मी सांगतो आहे ते स्वतः चूक करून शिकलो म्हणून. मी घडवलेली तिसरी गाडी चॉपर होती. गिऱ्हाइकाला पुढचे शॉकअप लांब आणि पुढे झुकलेले हवे होते. मी चेसिसची मान, म्हणजे हँडल जिच्यात फिरते ती नळी, कापली, कोन वाढवून पुन्हा वेल्ड केली आणि शॉकअपच्या नळ्या लेथवर नव्या बनवल्या. गाडी देखणी झाली. सरळ रस्त्यावर ती आगगाडीसारखी जात असे. पंधरा दिवसांनी सिंहगडाच्या वाटेवर एका चढाच्या वळणावर, अगदी पायी चालण्याच्या वेगात असताना, तिचे हँडल आपसूक आत पडले, गिऱ्हाइकाचा पाय खडीवरून घसरला आणि गाडीखाली येऊन मनगट मोडले. दोष रस्त्याचाही नव्हता आणि त्याचाही नव्हता.

काय झाले होते ते आकड्यांत सांगतो. हँडल ज्या रेषेभोवती फिरते ती रेषा खाली जमिनीपर्यंत वाढवली, तर ती पुढच्या चाकाच्या टेकण्याच्या बिंदूच्या थोडी पुढे जमिनीला लागते. या दोन बिंदूंमधील अंतराला आम्ही ट्रेल म्हणतो, आणि त्या रेषेचा उभ्या ओळंब्याशी होणारा कोन म्हणजे रेक. चाकाची त्रिज्या ३२० मिलिमीटर, रेक २७ अंश आणि टीमधील (शॉकअपच्या दोन्ही नळ्या धरणाऱ्या पट्टीतील) शॉकअपची पुढची सरक ६० मिलिमीटर धरली, तर ट्रेल साधारण ९६ मिलिमीटर येतो. बाकी काहीही न बदलता रेक ३८ अंश केला की ट्रेल १७४ वर जातो. ट्रेल वाढला की वेगात गाडी स्थिर वाटते, त्यामुळे नवशिक्याला आपण काहीतरी उत्तम केले असे वाटते. पण हँडल वळवताच गाडीचे नाक खाली येते आणि चाक आणखी वळायला पाहते. ही पडण्याची ओढ मोजण्याचे एक सूत्र आहे. त्यात ट्रेलला कोनाच्या साइन आणि कोसाइनने गुणतात. पहिल्या गाडीत ती ओढ ३९ मिलिमीटर येते आणि दुसऱ्या गाडीत ८४. म्हणजे मी त्या माणसाच्या हातात दुपटीहून जड झालेले हँडल दिले होते आणि मला ते ठाऊकही नव्हते. इलाज होता. टी नवीन बनवून शॉकअपची सरक वाढवली असती, तर ट्रेल पुन्हा आवाक्यात आला असता. तो इलाज मला पुढे दोन वर्षांनी समजला. त्या गाडीला मी पदरच्या खर्चाने मूळ मापाची मान बसवून दिली. तो गृहस्थ पुन्हा माझ्याकडे आला नाही, आणि त्यात त्याची काही चूक होती असे मी म्हणणार नाही.

तुमचा मुलगा पदविकेपर्यंत शिकला आहे ही त्याची माझ्यापेक्षा मोठी जमेची बाजू आहे. मला जे मनगट मोडून कळले ते त्याला कागदावर एका संध्याकाळी कळेल, फक्त त्याने तो कागद खरोखर काढला पाहिजे.

जुन्या बुलेटचे इंजिन ७० मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ९० मिलिमीटर स्ट्रोकचे (पिस्टनची धाव), ३४६ सीसीचे, एकाच सिलिंडरचे आहे. तो लांब स्ट्रोक सगळ्या गाडीला हादरे देतो, आणि हादऱ्यांची परीक्षा प्रदर्शनाच्या मांडवात होत नाही. मडगार्डचा ब्रॅकेट, नंबर प्लेटची पट्टी, टाकीचे कान या सगळ्यांना तडे जातात ते दोन-तीन हजार किलोमीटरनंतर. तडा बहुधा वेल्डमध्ये पडत नाही, वेल्ड जिथे अचानक संपतो त्याच्या शेजारच्या पत्र्यात पडतो. म्हणून ब्रॅकेटला आधाराची पट्टी देताना तिची टोके गोल करावी लागतात, वेल्ड टोकाभोवती वळवून आणावा लागतो, आणि टाकी तर थेट लोखंडावर कधीच बसवायची नसते, मध्ये रबर हवेच. माझ्याकडे काम शिकणारी मुले आर्गन वेल्डिंगची माशाच्या खवल्यांसारखी सुरेख रेघ ओढून फोटो काढतात. मी त्यांना ती रेघ कुठे संपवली ते दाखवायला सांगतो.

टाकीबद्दल एक सूचना, ती मुलापर्यंत नक्की पोहोचवा. जुन्या टाकीला वेल्डिंग करताना ती रिकामी दिसली तरी रिकामी नसते, पेट्रोलची वाफ शिवणीत आणि गंजाच्या पापुद्र्यात दडलेली असते. ती धुवून, पाणी भरून किंवा आतून आर्गन सोडून मगच ज्योत किंवा आर्क जवळ न्यावा. आमच्या गल्लीत एकाने ही पायरी गाळली. टाकी छताला लागून परत खाली आली. माणूस वाचला, एका कानाने ऐकू येणे मात्र कमी झाले ते कायमचे. नवी टाकी घडवताना जोखीम नसते, तिथे मोह असतो. शेंगदाण्याच्या आकाराची इवली टाकी फार शोभते. सात लिटरची टाकी आणि लिटरला पस्तीस किलोमीटर धरले तर शेवटच्या थेंबापर्यंत २४५ किलोमीटर होतात, म्हणजे पुण्याहून कोल्हापूर जेमतेम गाठता येते, म्हणून कऱ्हाडच्या आसपासच पंप शोधायला लागायचा. गिऱ्हाइकाला हे आधी सांगावे लागते. नाहीतर तो नंतर सांगतो.

आता कायद्याचे बोलू, कारण या धंद्यात येणाऱ्या मुलांना कोणी ते नीट सांगत नाही आणि माझ्या पिढीची अर्धी कारकीर्द या बाबतीत डोळ्यांवर कातडे ओढून गेली. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीच्या मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. रंग बदलला तरी नोंदणीपत्रावर त्याची नोंद करून घ्यावी लागते. चेसिस स्वतः घडवली तर तिच्यावर कंपनीचा क्रमांक नसतो आणि ती कोणत्याही मान्यताप्राप्त चाचणीतून गेलेली नसते. अशी चाचणी करणारी ए.आर.ए.आय. ही संस्था १९६६ पासून आपल्या पुण्यातच आहे, पण ती व्यवस्था उत्पादकांसाठी आहे, एका गाडीसाठी एकट्या कारागिराला तो खर्च झेपण्याजोगा नाही. जर्मनीत केलेला बदल तपासनिसाला दाखवून कागदावर चढवून घेता येतो, कॅलिफोर्नियात घरी बांधलेल्या गाडीची खास बांधणीचे वाहन म्हणून नोंदणी होते. आपल्याकडे तसा सोपा दरवाजा नाही. आणि गाडीला अपघात झाला तर विमा कंपनीचा सर्वेक्षक आधी तिच्यात काय बदलले आहे ते पाहतो, हेही लक्षात ठेवा.

म्हणून गेली काही वर्षे मी रस्त्यावर चालणाऱ्या गाडीची चेसिस कापत नाही. सीट, हँडल, दिवे, मडगार्ड, टाकीचे पत्राकाम, रंग यांत जेवढे करता येते तेवढे करतो, आणि मूळ भाग कापडात गुंडाळून, चिठ्ठी लावून गिऱ्हाइकाच्या हवाली करतो, म्हणजे गाडी पुन्हा होती तशी करता येते. फटाके फोडणारे सायलेन्सर बसवून देणे पूर्ण बंद केले. १७५ सीसीच्या वरच्या गाडीला कारखान्यातील चाचणीत ८० डेसिबलची मर्यादा होती, आणि मुले जे नळकांडे घेऊन येतात ते त्या मर्यादेच्या पुष्कळ पलीकडे असते हे यंत्राशिवायही कळते. यामुळे गिऱ्हाईक गेले का? गेले. सुरुवातीच्या वर्षात फार गेले. पूर्ण मोकळे काम आता प्रदर्शनासाठी, कंपन्यांच्या जाहिरातीसाठी किंवा कोणाच्या दिवाणखान्यात उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी होते, आणि तशा गाड्या रस्त्यावर आणायच्या नाहीत हे मी लिहून घेतो.

आपल्या देशात हे काम नावारूपाला आणलेली माणसे आहेत. मुंबईचे अक्षय वर्दे आहेत, ज्यांनी आडनावाला षष्ठीचा प्रत्यय लावून ‘वर्देंची’ हे नाव चालवले, आणि मराठी व्याकरणाचा इतका झकास व्यापारी उपयोग मी दुसरा पाहिलेला नाही. जयपूरच्या विजय सिंग यांची राजपुताना कस्टम्स आहे. गोव्यात २०१३ साली सुरू झालेल्या इंडिया बाइक वीकमुळे गाडी घडवणाऱ्यांना एकमेकांचे काम जवळून पाहण्याची जागा मिळाली. तिथे मुलाला जरूर पाठवा, फक्त गाडीचा फोटो समोरून काढण्याऐवजी त्याने खाली वाकून वायरिंग कुठून नेले आहे ते पाहावे.

श्रेयाचाही प्रश्न आहे. १९६९ च्या एका गाजलेल्या अमेरिकी चित्रपटातील ताऱ्या-पट्ट्यांच्या टाकीची चॉपर जगभर माहीत आहे. पोलीस खात्याच्या लिलावातून घेतलेल्या जुन्या हार्लेंपासून त्या चित्रपटाच्या गाड्या घडवणारे क्लिफ व्हॉज आणि बेन हार्डी हे दोन कृष्णवर्णीय कारागीर मात्र कित्येक वर्षे कोणाला ठाऊक नव्हते. आमच्याकडेही पत्रा ठोकणारा, सीट शिवणारा, निकेल करणारा, रंगाचा हात मारणारा असे चौघे-पाच जण एका गाडीमागे असतात आणि नाव एकाचेच होते. मुलाने या माणसांशी व्यवहार चोख ठेवला तर त्याचे काम कधी अडणार नाही. माझा सीट शिवणारा गेली एकोणीस वर्षे तोच आहे, आणि गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात तो इतर सगळ्यांना नाही म्हणतो तेव्हा मला हो म्हणतो.

पैशांबाबत एवढेच सांगतो की नव्या माणसाला साहित्याच्या खर्चाने नुकसान होत नाही, न मोजलेल्या तासांनी होते. एक टाकी हाताने घडवायला मला साठ ते सत्तर तास लागतात, आणि पहिली सात-आठ वर्षे मी त्यांतले वीसच तास बिलात धरत होतो, कारण उरलेले तास मला आनंदाचे वाटत. घरच्यांना ते तसे वाटत नव्हते. आता प्रत्येक कामाची वही असते, आगाऊ रक्कम आल्याशिवाय गाडी खोलत नाही, आणि अर्ध्यावर गिऱ्हाइकाने विचार बदलला तर तोपर्यंतचे तास वेगळे लावतो.

पन्नाशीचे विचारलेत. माझी कंबर सकाळी अर्धा तास तरी माझे ऐकत नाही, आणि ग्राइंडरच्या कंपनाने उजव्या हाताच्या दोन बोटांना थंडीत मुंग्या येतात. तरुणपणी वेल्डिंगचे दोन टाचे मारण्यासाठी डोळ्यांवर काच कशाला लावायची, असे म्हणून तसेच काम केले, की रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखे होई आणि आई बटाट्याच्या चकत्या ठेवी. जस्ताचा मुलामा असलेला पाइप बंद खोलीत वेल्ड करून एकदा हुडहुडी भरून ताप आला. हे सगळे टाळता येण्याजोगे होते. चांगली हेल्मेट-काच, मास्क, कानातली बोंडे आणि धूर ओढणारा पंखा यांचा खर्च पहिल्या यंत्राच्या आधी करायचा असतो. जड काम आता माझी मुले करतात. मुले म्हणजे दुकानातली, माझी स्वतःची मुलगी हिशेब आणि सुट्या भागांची विक्री पाहते. नेस यांच्या हँडलांसारखे आमचेही एक छोटेसे उत्पादन आहे, जुन्या बुलेटच्या टूलबॉक्सच्या झाकणाची कडी, आणि वर्षभर न चुकता पैसे आणणारी वस्तू तीच आहे.

तेव्हा कंपनीतली प्रशिक्षणार्थीची जागा त्याने सोडू नये असे माझे मत आहे. तिथे जिग म्हणजे काय (भाग एकाच मापात धरून ठेवणारा साचा), एकच माप हजार वेळा सारखे कसे येते, तुटलेला भाग तपासून कारण कसे शोधतात, हे पगार घेऊन शिकायला मिळते. संध्याकाळी आणि रविवारी एका चांगल्या मेकॅनिककडे जुनी इंजिने उघडावीत, वेल्डिंगचा हात बसवावा. दोन-तीन वर्षांनी तो पुन्हा हेच म्हणाला तर अडवू नका.

तोपर्यंत त्याला माझ्याकडून एक काम द्या. आपली बुलेट सपाट फरशीवर सरळ उभी करायची, कोणाला तरी वर बसवायचे, हँडल नाकासमोर ठेवायचे. पुढच्या आसापासून ओळंबा सोडून फरशीवर खडूची खूण करायची. मग हँडलच्या मधल्या नटापासून शॉकअपच्या नळीला समांतर दोरी ताणून ती फरशीला जिथे लागते तिथे दुसरी खूण करायची आणि अंतर मोजायचे. असे तीनदा करून तिन्ही आकडे माझ्याकडे पाठवू दे. तिन्ही वेगळे आले तरी हरकत नाही, मात्र ते वेगळे का आले हे त्याने सोबत लिहावे.